शंभर रुपयांची कपात

महाराष्ट्राचा २०२५-२६चा अर्थसंकल्प ७ लाख २० कोटी रुपयांचा होता. हा आकडा कागदावर पूर्ण लिहून पाहा, तेरा अंक होतात. आता एवढ्या रकमेपुढे उभा राहून एखादा आमदार लेखी सूचना देतो, की अमुक खात्याची मागणी शंभर रुपयांनी कमी करण्यात यावी. शंभर! मुंबईत तेवढ्यात दोघांची मिसळसुद्धा होत नाही. आणि सभागृहात कुणीही हसत नाही. सूचना रीतसर छापली जाते, चर्चेला येते आणि मंत्रिमहोदय तिला उत्तर द्यायला उभे राहतात.

हा काय प्रकार आहे?

याला कपात सूचना म्हणतात. सरकारचं एखादं धोरणच मान्य नसेल तर ती संपूर्ण मागणी एक रुपयावर आणा, असं सुचवता येतं. खर्च अवाच्या सवा वाटत असेल तर नेमकी रक्कम सांगून तेवढी कापा, असं म्हणता येतं. आणि तिसरी ही शंभर रुपयांची, लाक्षणिक. हिच्यात पैसे वाचवण्याचा विचारच नसतो. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञ नाही, सबब आरोग्य खात्याचे शंभर रुपये कापा, अशी तिची तऱ्हा. गाऱ्हाणं वेशीवर टांगायला एक खुंटी लागते, ती खुंटी म्हणजे हे शंभर रुपये.

पण समजा, चुकून ही सूचना मंजूर झालीच तर? तर सरकारने पैशाच्या प्रश्नावर सभागृहाचा विश्वास गमावला असा अर्थ निघतो, आणि संसदीय रिवाजाप्रमाणे अशा सरकारला खुर्ची सोडावी लागते. म्हणून तर ती मंजूर होऊ नये याची सत्ताधारी पक्ष डोळ्यांत तेल घालून काळजी घेतो. एसटीतली कंडक्टरची दोरी आठवा. तिच्यात बस ओढायचं बळ नसतं, पण घंटी वाजली की ड्रायव्हरचा पाय ब्रेककडे जातोच.

हे बळ आलं कुठून? राज्यघटनेच्या कलम २६६ मधून. राज्याचा सगळा महसूल, सगळी कर्जं एका एकत्रित निधीत जमा होतात आणि कायद्याने परवानगी दिल्याखेरीज त्यातून एक पैसाही काढता येत नाही. मुख्यमंत्र्यांना नाही, अर्थमंत्र्यांना नाही, राज्यपालांनाही नाही. सभागृहात पाशवी बहुमत असलं तरी नाही. खातेवार मागण्या विधानसभेपुढे ठेवायच्या, त्या मंजूर करून घ्यायच्या, मग विनियोजन विधेयक मांडायचं, ते संमत झालं की तिजोरी उघडणार. कर्जावरचं व्याज किंवा उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे पगार असा काही खर्च ‘भारित’ असतो, त्यावर चर्चा होते पण मतदान नाही. बाकी सगळं मागून घ्यायचं.

आणि ही परवानगी किती दिवसांची? फक्त एका वर्षाची. ३१ मार्चच्या मध्यरात्री ती संपते. सरकारी कचेऱ्यांमधला तो सुप्रसिद्ध ‘मार्च एंड’, बिलांचे ढीग, कोषागारापुढची गर्दी, रात्री उशिरापर्यंत जळणारे दिवे, हे सगळं आपण बाबूगिरीचा विनोद म्हणून पाहतो. त्या धावपळीच्या मुळाशी हा नियम आहे! आमदारांनी दिलेली परवानगी मध्यरात्री मरते, म्हणून कचेरी घाईला येते. मंजुरीपेक्षा जास्त खर्च झाला असेल तर सरकारला कलम २०५ प्रमाणे पुन्हा सभागृहाकडेच यावं लागतं, मग मध्ये कितीही वर्षं का लोटेनात.

हे झालं मतदानाचा अधिकार असलेल्या आमदाराचं. मला याहून थक्क करते ती असा कुठलाच अधिकार हातात नसलेल्या एका सदस्याची गोष्ट.

१८९२ सालापर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानातल्या कायदे कौन्सिलांमध्ये सदस्यांना सरकारला प्रश्न विचारायचीच सोय नव्हती. त्या साली कायदा बदलला. प्रश्न विचारा, अंदाजपत्रकावर बोला, एवढी मुभा मिळाली. मतदान मात्र नाही. आणि उपप्रश्नही नाही. तुम्ही विचारायचं, सरकार तयार उत्तर वाचणार, ते कितीही गुळमुळीत असलं तरी तुम्ही खाली बसायचं. अंदाजपत्रकावरही एकेकाने भाषण करायचं, सरकारने ऐकल्यासारखं करायचं आणि अंदाजपत्रक होतं तसंच लागू व्हायचं. अशा सभेत कोण काय दिवे लावणार?

२६ मार्च १९०२. कोलकात्यात व्हाइसरॉयच्या कौन्सिलात स्वतः कर्झन अध्यक्षस्थानी. अर्थसदस्य सर एडवर्ड लॉ यांनी मांडलेल्या हिशेबात सरकारकडे सुमारे सात कोटी रुपयांची शिल्लक दिसत होती. सरकार खुशीत. आणि बोलायला उभे राहिले मुंबई इलाख्यातून आलेले पस्तीस वर्षांचे गोपाळ कृष्ण गोखले. फर्ग्युसन कॉलेजात शिकवलेले, शाळेसाठी अंकगणिताचं पुस्तक लिहिलेले प्राध्यापक. आधी मुंबईच्या कौन्सिलात ते सदस्य होते आणि फिरोजशहा मेहतांच्या जागी इथे आले होते.

गोखल्यांनी विचारलेल्या गोष्टीचा सारांश आजच्या भाषेत असा : दोनच वर्षांपूर्वी देशाने भीषण दुष्काळ पाहिला, १८९६ पासून प्लेग घरं रिकामी करतोय, मग सरकारच्या पेटीत सात कोटी जास्तीचे आले कुठून?

आणि मग त्यांनी जे उलगडून दाखवलं ते पाहा. हिंदुस्थान सरकारला दरवर्षी इंग्लंडात पौंडांमध्ये मोठी रक्कम चुकती करावी लागे. इथला महसूल मात्र रुपयांत, आणि रुपया चांदीचा. चांदीचा भाव जसा उतरत गेला तसा रुपयाही उतरला, १८९४-९५ च्या सुमाराला तो तेरा पेन्सांपर्यंत खाली आला. एका पौंडाचे पेन्स २४०. म्हणजे तेव्हा एक पौंड फेडायला जवळजवळ साडेअठरा रुपये लागायचे. पौंडांतलं देणं होतं तेवढंच, रुपयांतलं फुगत चाललेलं. ती खोट भरून काढायला सरकारने कर वाढवले. मिठावरचा कर १८८८ मध्येच मणामागे दोन रुपयांवरून अडीच झाला होता.

मधल्या काळात, १८९३ मध्ये, सरकारने टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद केल्या होत्या, त्यामुळे तळ गाठल्यावर रुपया हळूहळू चढला आणि शतक संपता संपता सोळा पेन्सांवर स्थिरावला. आता भागाकार करा : २४० भागिले १६, पंधरा. त्याच पौंडाला साडेअठराऐवजी पंधरा रुपये! ज्या कारणासाठी कर वाढवले ते कारणच नाहीसं झालं. पण कर? ते होते तिथेच राहिले. सात कोटींची शिल्लक भरभराटीतून आलीच नव्हती. लोकांकडून गरजेपेक्षा जास्त घेतलेला पैसा पेटीत पडून होता, आणि वर त्यालाच सुबत्तेचा पुरावा म्हणून दाखवलं जात होतं.

भागाकार शाळेतला आहे. चौथी-पाचवीतलं पोरही करील. पण तो कोणत्या दोन आकड्यांमध्ये करायचा हे शोधायला सरकारची वर्षानुवर्षांची अहवालपुस्तकं उपसावी लागतात. ते काम कुणी केलं असेल? बरंचसं गणेश व्यंकटेश जोशी यांनी. सोलापूरच्या शाळेतले मुख्याध्यापक. पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात अर्थकारणावर लिहिणारा, रानड्यांच्या वर्तुळातला हा माणूस गोखल्यांना आकडे, कोष्टकं, टिपणं तयार करून देत असे. सोलापूरच्या एका शिक्षकाची आकडेमोड कोलकात्यात व्हाइसरॉयसमोर वाचली जात होती! मला तर त्या भाषणापेक्षाही ही जोडी जास्त आवडते. आज आमदारांना संशोधन साहाय्यक असावेत असं आपण म्हणतो, तेव्हा त्याचा पहिला नमुना सोलापुरात होऊन गेलाय हे विसरायला नको.

परिणाम? त्या दिवशी काहीच नाही, कारण मतदानच नव्हतं. पण पुढच्याच वर्षी, १९०३ मध्ये, मिठावरचा कर अडीचवरून दोन रुपयांवर आला. १९०५ मध्ये दीड, १९०७ मध्ये एक. आयकर लागू होण्याची मर्यादा वर्षाला पाचशे रुपयांवरून हजारावर गेली, जी गोखल्यांची मागणी होती. एका भाषणाने हे सगळं घडलं असं म्हणणं भाबडेपणा होईल. कर्झनची स्वतःची गणितं होती, शिल्लकही वाढतच होती. पण कर कमी न करण्याची सबब मात्र गोखल्यांनी काढून घेतली होती, आणि तीही हातात एकही मत नसताना.

आता त्या राहून गेलेल्या उपप्रश्नाकडे येऊ. १९०९ च्या सुधारणांत मूळ प्रश्न विचारणाऱ्याला उपप्रश्न विचारायची परवानगी मिळाली. १९१९ च्या कायद्यानंतर ती सगळ्या सदस्यांना मिळाली. एवढीशी गोष्ट द्यायला सत्तेने इतकी वर्षं का घेतली असावीत? कारण पहिल्या प्रश्नाचं उत्तर खातं देतं, दुसऱ्याचं माणसाला द्यावं लागतं. पहिल्याला लेखी, सावध, चार हातांखालून गेलेलं उत्तर असतं. दुसरा प्रश्न काय येईल ते कुणालाच ठाऊक नसतं.

आजच्या विधानसभेत पहिल्या प्रश्नाचा प्रवास कसा होतो, तो पाहण्यासारखा आहे. समजा, एका आमदाराला आपल्या तालुक्यातली नळपाणीपुरवठा योजना रखडल्याबद्दल विचारायचंय. तोंडी उत्तर हवं असेल तर तो तारांकित प्रश्न देतो, लेखी चालणार असेल तर अतारांकित. त्याची ठरावीक घडण असते. अमुक योजनेचं काम मुदत संपूनही अपूर्ण आहे, हे खरे आहे काय? असल्यास, त्यावर आजपर्यंत किती खर्च झाला? असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय, तीत काय आढळून आले? आणि शेवटी ते हमखास कलम : नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

ही रचना दिसायला रुक्ष आहे, पण बारकाईने पाहा. ‘हो’ म्हटलं तर पुढचं दार उघडतं, ‘नाही’ म्हटलं तर शेवटचं. पळवाट बुजवण्याची सोय प्रश्नातच केलेली. नियमही कडक असतात. प्रश्नात वाद घालायचा नाही, टोमणे मारायचे नाहीत, विशेषणं नकोत, काल्पनिक काही नको, न्यायप्रविष्ट काही नको. म्हणजे चीड आली असेल तर ती बाहेर ठेवून यायचं आणि फक्त वस्तुस्थिती विचारायची.

प्रश्न विधानमंडळ सचिवालयात दाखल झाला, स्वीकृत झाला, की मंत्रालयातल्या खात्यात जातो. तिथल्या कार्यासनातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला. ‘एलएक्यू आलाय’, म्हणजे विधानसभेतला प्रश्न आलाय, हे शब्द ऐकले की कचेरीतल्या माणसाची दुपारची डुलकी उडते. अधिवेशनकाळात रजा मिळणं मुश्कील. जो कार्यकारी अभियंता गावच्या सरपंचाचा फोन चार महिने उचलत नव्हता, त्याला आता संध्याकाळपर्यंत लांबी, व्यास, खर्च, ठेकेदाराला दिलेली मुदतवाढ, सगळं लिहून पाठवायचं असतं. कितीदा तर रखडलेलं काम प्रश्न सभागृहात पुकारला जाण्याआधीच सुरू होतं, म्हणजे ‘काम सुरू आहे’ असं उत्तर खरेपणाने देता यावं! सभागृहात एक शब्दही न उच्चारता प्रश्नाने आपलं काम केलेलं असतं.

मग उत्तर छापून येतं. ‘हे खरे आहे’ क्वचित. ‘हे अंशतः खरे आहे’ हे सरकारी लेखणीचं लाडकं वाक्य. आणि ‘प्रश्न उद्भवत नाही’ हे सर्वांत पुढचं. प्रश्नोत्तराच्या तासात यादीतले मोजकेच प्रश्न पुकारले जातात, उरलेल्यांची उत्तरं लेखी मानायची. पण आपल्या आमदाराचा पुकारला गेला, की मंत्री उभे राहतात, मागे अधिकारी दीर्घेत खात्याची मंडळी कागदांसह सज्ज, आणि उपप्रश्न येतो. योजना पूर्ण झाल्याचं म्हणता, मग टँकर कुठल्या गावांना चालू आहेत? क्षणभर शांतता. दीर्घेतून चिठ्ठी निघते. चिठ्ठी पोचेपर्यंत दुसऱ्या पक्षाचा आमदार उठतो, तिसराही उठतो, कारण टँकर त्याच्याही तालुक्यात आहेत. अध्यक्ष प्रश्न राखून ठेवतात, नाहीतर मंत्री जागच्या जागी चौकशी जाहीर करतात. जे जाहीर झालं ते आश्वासन म्हणून नोंदलं जातं, आणि ती आश्वासनं पाळली जातात की नाही हे पाहायला विधिमंडळाची वेगळी आश्वासन समिती बसलेली असते.

पैशाचा माग काढायचा असेल तर आणखी एक गंमत हाताशी आहे. अर्थसंकल्पाची जाडजूड पुस्तकं उघडली की चार अंकी आकड्यांचं रान दिसतं आणि माणूस पान मिटतो. मिटू नका. पाणीपुरवठा आणि स्वच्छतेचे शेवटचे तीन अंक २१५. ०२१५ म्हणजे त्यातून आलेलं उत्पन्न. त्यात दोन हजार मिळवा, २२१५ : देखभाल, पगार असा चालू खर्च. आणखी दोन हजार, ४२१५ : नवी बांधकामं. आणखी दोन हजार, ६२१५ : दिलेली कर्जं. आरोग्याला २१०, म्हणजे ०२१०, २२१०, ४२१०, ६२१०. हेच आकडे केरळात, हेच आसामात, हेच केंद्र सरकारच्या पुस्तकात! भाषा येत नसलेल्या राज्याचा अर्थसंकल्प उघडा, २२१५ शोधा, तिथे पाणीच सापडेल. महाराष्ट्रात त्यावर खात्याचं अक्षरही असतं. आर म्हणजे सार्वजनिक आरोग्य, टी म्हणजे आदिवासी विकास, वाय म्हणजे पाणीपुरवठा. ४२१५ खाली तरतूद भरघोस आणि २२१५ खाली किरकोळ दिसली, तर टाक्या बांधल्या जातील पण मोटार जळल्यावर दुरुस्तीला पैसे कुठून येणार, हा प्रश्न चाणाक्ष आमदाराला आयता मिळतो.

खर्च होऊन गेल्यावरही पिच्छा सुटत नाही. नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे अहवाल विधिमंडळापुढे येतात आणि लोकलेखा समिती सचिवांना समोर बसवून विचारते. पंचायती राज समिती तर थेट जिल्ह्यात उतरते. ‘पीआरसी येतेय’ म्हटल्यावर जिल्हा परिषदेच्या शाळांत, आरोग्य केंद्रांत जी साफसफाई आणि नोंदवह्यांची जुळवाजुळव सुरू होते, ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना अधिक सांगायला नको. रोजगार हमीसाठीही विधिमंडळाची स्वतंत्र समिती आहे, आणि ती असणं साहजिक आहे. नोकरदारांच्या पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर १९७५ मध्ये याच हमीच्या पैशासाठी आला, आणि विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ज्या कल्पनेचा पाठपुरावा केला तिचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. शहरातल्या कारकुनाच्या पगारपत्रकातली ती लहानशी वजावट आणि दुष्काळी माळावर खडी फोडणाऱ्या बाईची मजुरी या सभागृहात एकमेकींना जोडल्या गेल्या होत्या.

हे यंत्र इतकं देखणं आहे, तर ते नेहमी चालतं का? छे. मागण्यांवरच्या चर्चेचे दिवस मोजके. शेवटच्या दिवशी ठरल्या वेळी घंटा वाजते आणि चर्चेला न आलेल्या मागण्या एका झटक्यात मताला टाकल्या जातात. गिलोटिन म्हणतात त्याला, नाव चपखल आहे. हजारो कोटी ‘होय’च्या एका गजरात पार. जुलै २०२४ मध्ये राज्याने ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या मांडल्या. सुमारे ६ लाख १२ हजार कोटींच्या अर्थसंकल्पावर, वर्ष सुरू होऊन जेमतेम सव्वातीन महिने झालेले असताना. मूळ अंदाजाच्या जवळजवळ एक षष्ठांश! अनपेक्षित खर्चासाठी ठेवलेली सोय अशी वापरली जाते तेव्हा मूळ अर्थसंकल्पात नेमका काय अंदाज बांधला होता, हे विचारावंसं वाटतं. गोंधळ झाला की पहिला बळी प्रश्नोत्तराच्या तासाचा जातो, कारण तो दिवसाच्या सुरुवातीलाच असतो. २०२० च्या कोविडकाळात संसदेच्या पावसाळी अधिवेशनातून तर तो वगळलाच गेला. माझ्या मते फलक घेऊन पायऱ्यांवर बसणाऱ्या आमदाराचा फोटो छापून येतो आणि पाच कलमांचा प्रश्न घडवणाऱ्याचा येत नाही, यात वृत्तपत्रांचाही वाटा आहे.

या प्रश्नोत्तरांच्या याद्या विधानमंडळाच्या संकेतस्थळावर ठेवलेल्या असतात, कुणालाही वाचता येतात. एखादी उघडून आपल्या तालुक्याचं नाव शोधा. सापडलं तर खर्चाचा आकडा आणि काम पूर्ण होण्याची तारीख टिपून घ्या. उत्तर ‘काम प्रगतीपथावर आहे’ एवढंच असेल, तर मागच्या दोन-तीन अधिवेशनांच्या याद्याही काढा. तेच वाक्य तिथेही भेटण्याची शक्यता दांडगी आहे, आणि भेटलं तर तुमच्या आमदाराला पुढच्या अधिवेशनाचा उपप्रश्न आयता तयार.